हळदीच्या सौद्यात संथ शटर आणि कृष्णधवल: माणसे विरघळून का जातात?

प्रश्न: कृष्णाकाठ

नमस्कार. हळदीचा हंगाम सुरू झाला की, म्हणजे साधारण फेब्रुवारीपासून, मी आठवड्यातून एकदोनदा कामावर जाण्यापूर्वी कॅमेरा घेऊन सांगलीच्या मार्केट यार्डात जातो. यंदा मी असे ठरवले होते की सौद्याच्या वेळची लगबग संथ शटरने, म्हणजे शटर जास्त वेळ उघडे ठेवून, टिपायची आणि सगळी मालिका कृष्णधवल ठेवायची. पोत्यांची ने-आण, ओतलेल्या हळकुंडांच्या ढिगाभोवती कोंडाळे करून उभे असलेले अडते आणि खरेदीदार, पोत्यात हात घालून हळकुंड मोडून पाहणारा एखादा जुना व्यापारी, या सगळ्याला एक लय आहे. १/५०० सेकंदाच्या चित्रात ती लय मला कधीच सापडलेली नाही, कारण तिथे पाठीवर पोते घेतलेला हमालसुद्धा पुतळ्यासारखा थांबलेला दिसतो आणि त्याच्या अंगावरचे ओझे हलके वाटते.

प्रत्यक्षात मात्र तीन सकाळी वाया गेल्या. पहिल्या दिवशी उघड्या आवारात, चांगले ऊन असताना, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १००, एफ/२२ (लेन्सचे अगदी लहान छिद्र) आणि प्रकाश कमी करणारा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर लावून १/८ सेकंदाने चित्रे घेतली. त्यांत सिमेंटचे आवार स्वच्छ दिसते आणि हमाल जवळजवळ नाहीसे झालेले आहेत; त्यांच्या जागी करडे फटकारे उरले आहेत. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये १/१५ ने घेतलेल्या चित्रांत हालचाल हवी तशी आली, परंतु रंग काढून टाकल्यावर पांढरे बनियन, पांढऱ्या टोप्या आणि हळदीचा ढीग एकाच फिकट छटेचे झाले, त्यामुळे माणूस कुठे संपतो आणि हळद कुठे सुरू होते हे कळत नाही. तिसऱ्या दिवशी १/२ सेकंदापर्यंत खाली गेलो आणि सगळेच हलले.

माझ्याकडे एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा आणि ३५ मिमी लेन्स आहे. माझा प्रश्न केवळ आकड्यांचा नाही. मोशन ब्लर, म्हणजे हालचालीमुळे येणारा धूसरपणा, चित्रातला तपशील काढून घेतो आणि कृष्णधवल रंग काढून घेते. दोन्ही एकत्र आले की चित्रात पाहण्यासारखे काहीच उरत नाही, असे तर होत नाही ना? की मी चुकीच्या जागी उभा राहतो आहे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर: जुनी डार्करूम

आपला शेवटचा प्रश्नच खरा आहे. आपण चुकीच्या जागी उभे राहत आहात, आणि त्याचे कारण नीट समजले तर पुढच्या सकाळी आकडे आपोआप बसतील.

शटर उघडे असताना सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर प्रकाश साठत जातो. माणूस त्या बिंदूसमोरून गेला तर थोडा वेळ त्याचा प्रकाश पडतो आणि उरलेला वेळ मागच्या पार्श्वभूमीचा. आता विचार करा. उन्हात तापलेले पांढुरके सिमेंट मागे आहे आणि पुढून सावळा, तागाचे तपकिरी पोते घेतलेला माणूस जातो आहे. तो बिंदूसमोर असताना तिथे फारसा प्रकाश पडत नाही, आणि तो सरकल्याबरोबर मागचे झगझगीत सिमेंट त्या बिंदूवर इतका प्रकाश ओतते की माणसाची खूण पुसली जाते. म्हणजे उजळ पार्श्वभूमी गडद माणसाला खाऊन टाकते. याच्या उलट, मागे गाळ्याचा अंधारा दरवाजा असेल आणि पुढून पांढरे बनियन घातलेला माणूस गेला, तर अंधार काहीच भर घालत नाही आणि बनियनचा पांढरा माग जसाच्या तसा उमटून राहतो. कृष्णधवल मोशन ब्लरचे जवळजवळ सगळे यशापयश या एका गोष्टीवर ठरते. रंगीत चित्रात लाल साडीचा फटकारा राखाडी भिंतीवर रंगामुळे तरी ओळखू येतो. कृष्णधवलमध्ये तो आधार नसतो, तिथे फक्त उजेड आणि अंधार एवढेच भांडवल असते.

हा गुण छायाचित्रणाच्या जन्मापासूनचा आहे. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका हमरस्त्याचे चित्र घेतले तेव्हा रस्त्यावर वर्दळ होती, परंतु काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये चालणारी माणसे आणि गाड्या सगळे विरून गेले. त्यात उमटला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस. आपल्या पहिल्या दिवसाच्या चित्रांत जे घडले ते हेच आहे, फक्त आपल्याकडे थांबलेला कोणी नव्हता.

म्हणून दुसरी गोष्ट: चित्रात काहीतरी थांबलेले आणि धारदार हवे. छायाचित्रकार रघू राय यांचे १९९५ मधले मुंबईच्या चर्चगेट स्थानकाचे कृष्णधवल चित्र आपण पाहिले असेल. बाकावर बसून वर्तमानपत्र वाचणारी माणसे स्थिर आहेत आणि त्यांच्याभोवतीची गर्दी धुरासारखी वाहते आहे. वाचणारी माणसे काढून टाकली तर ते चित्र उरणार नाही. यार्डात असे स्थिर ठिकाण आपल्याला शोधावे लागणार नाही. ढिगाशेजारी उकिडवा बसलेला शेतकरी आपल्या मालाचा भाव ऐकत असतो तेव्हा तो पापणीही हलवत नाही. त्याच्या मालाचे वर्षभराचे पैसे त्या मिनिटात ठरत असतात. त्याच्यावर फोकस ठेवा आणि पुढून-मागून माणसांना जाऊ द्या.

आता आकडे. सामान्य चालीने माणूस ताशी ५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मीटर जातो. १/६० सेकंदात तो जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर सरकतो, १/१५ मध्ये सुमारे ९ सेंटिमीटर, १/८ मध्ये १७ ते १८ सेंटिमीटर आणि १/२ सेकंदात ७० सेंटिमीटर. आपली ३५ मिमी लेन्स आणि माणूस ५ मीटरवर असा हिशेब धरला, तर १/६० चा माग चित्राच्या रुंदीच्या एक टक्क्याहूनही कमी येतो आणि तो पाहणाऱ्याला चूक वाटतो. १/८ चा माग सुमारे पाच टक्के येतो आणि तो हेतुपूर्वक केलेला दिसतो. १/२ सेकंदाला माणूस आपल्या अंगाच्या रुंदीपेक्षा जास्त सरकतो, तेव्हा त्याचे माणूसपण जाते. मात्र हे सगळे आडव्या चालीचे गणित आहे. तोच हमाल सरळ आपल्याकडे येत असेल तर १/८ लाही फारसा माग उमटत नाही.

१/१५ ते १/८ या टप्प्याची आणखी एक गंमत डार्करूममध्ये प्रिंट उमटताना मी अनेकदा पाहिली आहे. चालताना एक पाऊल जमिनीवर टेकलेले असते तेव्हा ते खरोखर थांबलेले असते. म्हणून अशा चित्रात धड, पोते, डोके सगळे वाहत असते आणि टेकलेले एक पाऊल मात्र बोटांसकट स्पष्ट येते. ओझ्याखाली दाबलेले, बोटे पसरलेले पाऊल. मला वाटते, आपल्याला जे वजन दाखवायचे आहे ते तिथे आहे. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणून पाहा.

एफ/२२ सोडून द्या. आपल्या सेन्सरवर इतक्या लहान अ‍ॅपर्चरला (छिद्राला) विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाश पसरल्यामुळे, स्थिर भागही मऊ पडतो, आणि या प्रकारात स्थिर भागाची धार हाच सगळा आधार आहे. शेडच्या आतल्या भागात आयएसओ १०० ला एफ/८ च्या आसपास १/१५ ते १/८ फिल्टरशिवाय मिळते. शेडच्या लोखंडी खांबाला खांदा टेकवा, कोपरे छातीशी घ्या, श्वास अर्धा सोडून थांबा आणि एकदम चार-पाच चित्रे घ्या. पहिले बहुधा बटण दाबण्याच्या धक्क्याने हलते, मधले चांगले येते.

उत्तर: रंगरेषा

तांत्रिक भाग वर उत्तम आला आहे. माझा आक्षेप विषयाच्या निवडीला आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो पिवळा रंग या गावाची ओळख आहे. सौद्याच्या दिवशी यार्डात हवेतसुद्धा पिवळी धूळ असते, हमालांच्या भुवयांवर ती बसते, काट्याची परात पिवळी होते. त्या जागी उभे राहून रंग टाकून द्यायचा हे मला पटत नाही. छायाचित्रकार रघुवीर सिंग यांनी आयुष्यभर रंगीत छायाचित्रण केले आणि भारतीय माणसाची नजर मुळातच रंगाची आहे अशी भूमिका आग्रहाने मांडली. ती मला सरसकट मान्य नाही, परंतु हळद बाजाराच्या बाबतीत मान्य आहे. संथ शटरमध्ये हलणारी हळद रंगीत चित्रात फार सुंदर दिसते. सुपातून ओतताना तिचा पिवळा पट्टा तयार होतो. तो करडा करून आपण काय मिळवणार?

उत्तर: मिरज जंक्शन

रंगरेषा यांचे म्हणणे हळद हा विषय असेल तेव्हा बरोबर आहे. परंतु प्रश्नकर्त्यांचा विषय मला हमाल आणि त्यांची चाल हा दिसतो, आणि तिथे पिवळा रंग अडथळा होऊ शकतो. चित्रात इतका तेजस्वी पिवळा ढीग असला की डोळा आधी तिथेच जातो. माणसाच्या हालचालीकडे मग तो उशिरा वळतो. मी मारुती रोडवर सायकलस्वारांचे पॅनिंग करतो, तिथेही हाच अनुभव आहे. १/३० सेकंदाने सायकलबरोबर कॅमेरा फिरवला की मागच्या दुकानांच्या पाट्यांचे लाल, निळे, हिरवे पट्टे होतात आणि सायकलवरचा म्हातारा त्यांत हरवतो. तेच चित्र कृष्णधवल केले की पट्टे शांत होतात आणि त्याचे पायडलवरचे पाऊल दिसू लागते. म्हणून मी स्वतःला प्रत्येक चित्राच्या वेळी एकच प्रश्न विचारतो: इथे रंग काही सांगतो आहे, की नुसता बोलतो आहे?

आता दुसऱ्या दिवसाच्या अडचणीविषयी, म्हणजे पांढरे बनियन आणि हळद एकाच छटेचे होण्याविषयी. आपल्या डोळ्याला पिवळा रंग मुळातच उजळ वाटतो आणि नेहमीच्या कृष्णधवल रूपांतरात हिरव्या आणि लाल वाहिनीला (त्या त्या रंगाच्या नोंदीला) जास्त वजन असल्यामुळे पिवळा जवळजवळ पांढरा होतो. फिल्मच्या काळात लाल किंवा नारिंगी फिल्टर लावला असता तर हळद आणखी पांढरी आली असती. निळ्या फिल्टरने ती गडद झाली असती. डिजिटलमध्ये रॉ फाइल (सेन्सरची सगळी माहिती राखणारी) असेल तर हेच काम पिवळ्या रंगाचा स्लायडर खाली ओढून होते. बनियन रंगहीन असल्यामुळे तो पांढराच राहतो आणि हळद मधल्या करड्या छटेवर उतरते, म्हणजे दोघे वेगळे होतात.

पण दोन धोके ध्यानात ठेवा. हळदीचा पिवळा शुद्ध पिवळा नसतो, तो नारिंगीकडे झुकतो, आणि माणसाची कातडी व तागाचे पोतेही त्याच नारिंगी पट्ट्यात येतात. स्लायडर फार ओढला तर हमालांचे चेहरे काळवंडतात आणि त्यांची अवस्था आहे त्याहून वेगळी दिसू लागते. हे मला केवळ तांत्रिक दोष म्हणून सोडून द्यावेसे वाटत नाही. दुसरे असे की निळ्या वाहिनीत नॉइज (दाणेदारपणा) सर्वांत जास्त असतो, त्यामुळे गडद केलेल्या ढिगावर डाग पडल्यासारखे दिसते आणि हलत्या बनियनच्या कडेला पांढरी किनार येते. म्हणून स्लायडरने थोडेच करा आणि बाकीचे काम वर सांगितल्याप्रमाणे जागा बदलून करा.

आणखी एक सवय लावून घेण्यासारखी आहे. कॅमेऱ्याचे पिक्चर प्रोफाइल मोनोक्रोम ठेवा आणि साठवण मात्र रॉमध्ये करा. पडद्यावर कृष्णधवल दिसते, त्यामुळे कुठली छटा कुठल्या छटेत मिसळते आहे ते जागेवरच कळते. फाइलमध्ये रंग शाबूत राहतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे वाचून मी दोन सकाळी पुन्हा गेलो आणि जे घडले ते इथे लिहिणे माझे कर्तव्य समजतो.

पहिल्या सकाळी माझ्याकडून मोठी चूक झाली. मोनोक्रोम प्रोफाइल लावले, पण साठवण जेपेगवरच राहिली होती. घरी आल्यावर पिवळ्याचा स्लायडर हलवून पाहिला तर काहीच बदलेना, कारण फाइलमध्ये रंगच नव्हता. त्या सकाळी एका शेतकऱ्याने ढिगातले हळकुंड उचलून कानाशी नेऊन मोडले होते, त्याचा आवाज ऐकण्यासाठी, आणि मागून चार हमाल ओळीने गेले होते. ते चित्र आहे, पण हळद आणि त्याचा सदरा एक झालेले आहेत, आणि आता काहीही करता येणार नाही.

दुसऱ्या सकाळी मी उघडे आवार सोडून दिले आणि एका गाळ्याच्या समोर, खांबाला टेकून, जमिनीवर बसलो. आत दिवे लागलेले नव्हते, त्यामुळे दरवाजाचा चौकोन पूर्ण काळा होता. एफ/८, १/१०, आयएसओ १००. हमाल त्या काळ्या चौकोनासमोरून जात होते. जुनी डार्करूम यांनी सांगितले होते तसेच झाले: बनियनचा पांढरा माग स्पष्ट उमटला, पोते एखाद्या ढगासारखे वाहिले, आणि एका चित्रात, साठेक चित्रांपैकी एकात, डावे पाऊल टाचेपासून नखांपर्यंत धारदार आले आहे. नखांच्या कडेला हळद भरलेली दिसते. ती कृष्णधवलमध्ये फिकट करडी आहे, तरीही पाहणाऱ्याला ती हळदच वाटते, निदान सांगलीतल्या माणसाला तरी.

यानंतरचा प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. काम थांबल्यावर मी ते चित्र कॅमेऱ्याच्या पडद्यावर हमालांना दाखवले. एकजण बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “पाय माझाच हाय. पण तोंड कुठं गेलं?” मला उत्तर देता आले नाही. मी त्यांची हालचाल दाखवत होतो, परंतु त्यांच्या दृष्टीने मी त्यांचा चेहरा पुसला होता. या बाबतीत आपण काय करता?

जुनी डार्करूम

त्यांनी विचारलेला प्रश्न योग्य आहे आणि तो प्रत्येक मालिकेत कधीतरी समोर येतो. ब्लरमुळे माणूस ओळखू येत नाही, हे कधी त्याच्या सोयीचे असते आणि कधी त्याच्यावर अन्याय करणारे. नावाने ओळखता येणारी माणसे मालिकाभर धुरासारखी दाखवली तर पाहणाऱ्याला ते श्रम कोणाचेच नाहीत असे वाटू लागते. मी स्वतः अशा वेळी मालिकेत दोन-तीन स्थिर चित्रे ठेवतो: काम संपल्यावर, पोत्यांच्या थप्पीला टेकून चहा पिताना, त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलेले असताना, १/१२५ किंवा त्याहून वेगाने घेतलेली. ती हलत्या चित्रांच्या शेजारी लागली की पाऊल कोणाचे आहे ते कळते.

आणि पावलाच्या चित्राची प्रिंट काढून त्यांना द्या. मॅट कागदावर, निदान ८ बाय १२ इंच आकारात. हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) पाहून दरवाजाचा काळा भाग अगदी शून्यावर नेऊ नका. प्रिंटमध्ये काळ्याच्या आत थोडा श्वास राहिला तर बनियनचा माग त्यातून निघाल्यासारखा दिसतो. पडद्यावर जे दिसते त्यापेक्षा कागदावर मधल्या छटा साधारण थोड्या गडद उतरतात, म्हणून पोत्याचा भाग किंचित उजळ करून घ्या.

रंगरेषा

माझी भूमिका पूर्ण बदललेली नाही, परंतु पावलाच्या चित्राचे वर्णन वाचून तिथे कृष्णधवलच योग्य होते हे मी मान्य करतो. सुपातून हळद ओततानाचे एक रंगीत चित्र मात्र घ्या. १/१५ पुरेसे होईल. ओतण्याचा वेग चालण्यापेक्षा जास्त असतो, त्याहून संथ गेलात तर हळकुंडे न दिसता नुसता पट्टा दिसेल.

कृष्णाकाठ

१/१५ ने आणि १/३० ने, दोन्ही घेऊन पाहीन. प्रिंट कालच काढायला दिली आहे. शनिवारी मिळेल आणि सोमवारी सौदे सुरू होण्याआधी ती घेऊन यार्डात जाईन. त्यांनी हो म्हटले तर चेहऱ्याचे स्थिर चित्र त्याच गाळ्याच्या दरवाजात, त्याच काळ्या चौकोनासमोर घेण्याचा विचार आहे.